अक्षरांमधलं अंतर

‘किती’ हा शब्द लिहून बघा. पहिली वेलांटी ‘क’च्या डावीकडे उभी राहते, पण उच्चारात ‘क’ आधी येतो आणि वेलांटीतला ‘इ’ नंतर. लगेच पुढची दुसरी वेलांटी ‘त’च्या उजवीकडे, म्हणजे उच्चाराच्याच क्रमानं. चार चिन्हांचा शब्द, त्यात एकदा उलटा क्रम आणि एकदा सुलटा. सरावलेल्या वाचकाला याचा पत्ताही लागत नाही. मेंदूला मात्र ते काम करावंच लागतं. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता या संशोधकांनी हिंदी वाचणाऱ्यांवर केलेले प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाले. त्यात असं दिसलं, की जिथे लिहिण्याचा आणि उच्चाराचा क्रम जुळत नाही, तिथे वाचायला जास्त वेळ लागतो. आपण ‘जसं बोलतो तसं लिहितो’ असं म्हणतो. ते बव्हंशी खरं आहे. पण उरलेल्या थोड्या भागात कोणाकोणाचं सगळं शालेय आयुष्य अडकून पडतं.

मी नागपूरला धंतोलीत राहते. ज्यांनी धंतोली पाहिली आहे त्यांना सांगायला नको, की इथे घरांपेक्षा दवाखान्यांच्या पाट्या जास्त दिसतात. विदर्भातून, शेजारच्या मध्य प्रदेशातून आणि छत्तीसगडमधून पेशंट इथे येतात. अशा काही दवाखान्यांच्या आणि संस्थांच्या वेबसाइटचा मराठी मजकूर तयार करणं हे माझं काम. ऑपरेशनच्या आधी किती तास उपाशी राहायचं, कोणती गोळी बंद करायची, कोणते कागद आणायचे, असा हा मजकूर असतो. तो वाचता आला नाही तर ऑपरेशन पुढे ढकललं जातं, आणि गोंदियाहून आलेल्या माणसाला पुन्हा गोंदियाहून यावं लागतं.

डिस्लेक्सिया असलेल्या वाचकांना वेबसाइट सोपी कशी करावी, याच्या इंग्रजी मार्गदर्शिका भरपूर आहेत. त्या मराठी पानाला लावायला घेतल्या, की पहिल्या दहा मिनिटांत अडचणी सुरू होतात. त्या अडचणींचा माग काढत गेले तर तो दोनशे वर्षं मागे गेला. हा लेख त्या प्रवासाचा आहे.

आधी मूळ शब्दाबद्दल. १८७७ साली जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाउल यांनी ‘शब्दांधत्व’ अशी कल्पना मांडली. नजर शाबूत, बुद्धी शाबूत, बोलणं शाबूत, पण छापील शब्द कळेना, अशी अवस्था. दहा वर्षांनी, १८८७ मध्ये, श्टुटगार्टचे नेत्रवैद्य रुडोल्फ बर्लिन यांनी तिच्यासाठी ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द रूढ केला. त्यांचे रुग्ण मेंदूला इजा झालेले प्रौढ होते. ७ नोव्हेंबर १८९६ च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी चौदा वर्षांच्या पर्सी नावाच्या मुलाची हकिकत लिहिली, तेव्हा ही गोष्ट जन्मजातही असू शकते हे जगापुढे आलं. पर्सी हुशार होता, खेळात चपळ होता, आकडे बिनचूक वाचायचा, पण स्वतःचं नाव लिहिताना अक्षरांची अदलाबदल करायचा. सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्याच्या मास्तरांचं मत मॉर्गन यांनी नोंदवलं आहे.

सुरुवातीच्या काळात या विषयाकडे लक्ष देणाऱ्यांत डोळ्यांचे डॉक्टर पुष्कळ होते. ‘दोष नजरेत आहे’ ही समजूत त्यामुळे घट्ट बसली. ती इतकी चिवट, की २००७ च्या ‘तारे ज़मीन पर’मध्येही पाटीवरची अक्षरं नाचताना दिसतात. त्या चित्रपटाचे उपकार मोठे आहेत. तोपर्यंत ‘आळशी’ आणि ‘ढ’ एवढीच विशेषणं ज्या मुलांच्या वाट्याला येत होती, त्यांच्या आईबापांना त्यानं एक वेगळा शब्द दिला. पण बहुतेक संशोधकांच्या मते खरी अडचण नजरेत नसते. शब्दातले ध्वनी सुटे करणं, आणि कोणत्या चिन्हाला कोणता ध्वनी हे झटक्यात, न अडखळता जुळवणं, हे या मुलांना जड जातं. अक्षर दिसतं, त्याचा आवाज वेळेवर येत नाही.

मग आपल्यासारख्या उच्चाराला धरून चालणाऱ्या लिपीत ही अडचण असते का? अनेक शिक्षक मला ठामपणे सांगतात, की हा इंग्रजीचा आजार आहे, स्पेलिंग विचित्र असल्यामुळे होणारा. २००१ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासात इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी बोलणाऱ्या डिस्लेक्सिक प्रौढांची तुलना होती. इटालियनचं लेखन उच्चाराच्या फार जवळचं, त्यामुळे इटालियन लोक वाचनात इतरांपेक्षा सरस ठरले. पण वाचताना मेंदूत जे घडत होतं ते तिन्ही भाषांत सारखंच होतं. म्हणजे उच्चाराशी प्रामाणिक लिपीत ही अडचण नाहीशी होत नाही, ती झाकली जाते. अशी मुलं चुकीचं वाचण्यापेक्षा फार सावकाश वाचतात. आणि सावकाश वाचणाऱ्या मुलाला आपल्या वर्गात कोणी तपासायला पाठवत नाही, नुसतं मागच्या बाकावर पाठवतात.

महाराष्ट्र या बाबतीत इतर अनेक राज्यांच्या पुढे होता. १९९६ साली मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली, आणि त्याच साली राज्य सरकारनं अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे कानाडोळा, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं गणित, आणि एखादी भाषा सोडण्याची मुभा. सवलती गरजेच्याच होत्या, त्यांच्यामुळे हजारो मुलं दहावीच्या पलीकडे गेली. पण शेवटच्या सवलतीचा अर्थ नीट पाहा. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला ओझं कमी करायचं असेल, तर जी भाषा टाकायची ती हिंदी किंवा मराठी. मदतीचा पहिला हात पुढे आला तोच मराठी सोडवण्यासाठी.

आणि जी मुलं मराठी माध्यमातच होती त्यांचं काय? त्यांना तपासायला त्यांच्या भाषेतल्या, भारतीय मुलांवर बेतलेल्या चाचण्या हव्या होत्या. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या भाषांसाठी ‘डाली’ नावाचा चाचणीसंच आणला तो २०१५ मध्ये. १९९५ च्या अपंगत्व कायद्याच्या यादीत अध्ययन अक्षमता नव्हतीच. २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार एकवीस केले, तेव्हा ती आत आली. पर्सीच्या हकिकतीनंतर एकशेवीस वर्षांनी.

आता लिपीकडे येऊ. छापखाना येण्यापूर्वी महाराष्ट्रात दोन लिप्या नांदत होत्या. दफ्तर, हिशेब, पत्रव्यवहार मोडीत, पोथ्या देवनागरीत. त्या देवनागरीला आपण ‘बाळबोध’ म्हणत होतो, म्हणजे बाळालाही बोध होईल अशी. वाचायला सोपं काय आणि लिहायला सोपं काय, हा फरक आपल्या पूर्वजांनी नावातच करून ठेवला होता. मोडी ही लिहिणाऱ्याच्या सोयीची. कागदभर शिरोरेषा आधी आखून घ्यायची, मग बोरू न उचलता अक्षरं लटकवत जायचं. शब्द तोडायचे नाहीत. वाचणाऱ्यानं आपलं आपण तोडून घ्यावं. डिस्लेक्सिया असलेल्या माणसासमोर मोडीचा कागद ठेवणं म्हणजे छळच. पण एक गंमत आहे. मोडीत वेलांटीचा एकच प्रकार आणि उकाराचाही एकच. ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही. आज शाळेत ज्या चुकांवर सर्वांत जास्त लाल शाई खर्ची पडते, त्या चुका पेशवाईतल्या कारकुनाला करताच येत नव्हत्या.

विल्यम केरीचं मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपूरला छापलं गेलं ते देवनागरी खिळ्यांनी. पाच वर्षांनी आलेल्या त्याच्याच मराठी कोशासाठी मोडीचे खिळे वापरले गेले. म्हणजे कोणती लिपी छापायची हे अजून ठरत होतं. शेवटी बाळबोध जिंकली. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना सुरू केला, आणि त्यांच्या सुबक खिळ्यांनी देवनागरी पान कसं दिसावं याची अनेक पिढ्यांची कल्पना घडवली. मोकळी, ठसठशीत अक्षरं, शब्दांत नेमकी जागा. वाचकासाठी घेतलेले इतके कष्ट नंतर क्वचित दिसतात.

कारण नंतरचं शतक यंत्राच्या सोयीचं होतं. देवनागरीला काना-मात्रा-जोडाक्षरं धरून शेकडो खिळे लागतात. इंग्रजीचं काम त्यामानानं थोडक्यात भागतं. मग खिळे कमी कसे करायचे, याच्यामागे मोठमोठी माणसं लागली. टिळकांनी ‘केसरी’साठी हा खटाटोप केला. सावरकरांनी लिपिशुद्धीची चळवळ चालवून ‘अ’चीच बाराखडी पुढे आणली: इ-ई-उ-ऊ ही वेगळी अक्षरं नकोत, ‘अ’लाच वेलांट्या आणि उकार द्यावेत. नागपूरहून दोन तासांवर, वर्ध्याला, काका कालेलकरांच्या प्रेरणेनं राष्ट्रभाषा प्रचार समितीची पुस्तकं याच पद्धतीनं छापली जात होती. आमच्याकडच्या जुन्या घरांतल्या कपाटांत ती अजून सापडतात. उघडल्यावर आधी छपाईची चूक वाटते.

या सगळ्यात एक सुधारणा अशी होती, की जी यंत्रापेक्षा वाचकाच्या जास्त कामाची ठरली असती. १९५३ साली लखनौला भरलेल्या लिपीसुधार परिषदेनं सुचवलं, की पहिली वेलांटीसुद्धा अक्षराच्या उजवीकडे द्यावी, फक्त तिचा दांडा आखूड ठेवावा. ‘किती’मधला उलटा क्रम त्यानं संपला असता. पण आखूड आणि लांब दांडा यांत गोंधळ होऊ लागला, लोकांचा डोळा जुन्या रूपाला सरावलेला होता, आणि ती सुधारणा मागे पडली. एक अडथळा काढताना दुसरा उभा राहिला होता: सारखी दिसणारी दोन चिन्हं. हाच धोका ओळखून पुढे प्रमाण देवनागरीत ‘ख’चा खालचा भाग जोडला गेला, म्हणजे तो ‘रव’ वाचला जाऊ नये. आणि ‘ध’, ‘भ’ यांच्या डोक्याला घुंडी आली, म्हणजे ‘घ’ आणि ‘म’ वेगळे राहावेत. या बदलांच्या वेळी डिस्लेक्सिया हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता. तरीही काम त्याच वाचकाचं झालं.

मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांबद्दलही हेच म्हणता येईल. व्युत्पत्तीच्या आधारानं दिलेले, पण उच्चारात नसलेले अनुस्वार या नियमांनी काढून टाकले. १९७२ मध्ये आणखी चार नियम आले आणि एकूण अठरा झाले. जुन्या मंडळींनी भाषेचा इतिहास पुसल्याची तक्रार केली. त्यांचं दुःख मला कळतं, पण त्या टिंबांनी अडखळणारी मुलंही होती आणि त्यांची तक्रार कोणी लिहून ठेवली नाही. ऱ्हस्व-दीर्घाला मात्र हात लावण्याची हिंमत नियमांना झाली नाही.

नागपूरला आणखी एक खास गोष्ट आहे. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशची राजधानी होतं, हिंदी आणि मराठी इथे शेजारी-शेजारी चालत आल्या आहेत. त्यामुळे आमच्या रस्त्यांवर ‘ल’ आणि ‘श’ दोन-दोन रूपांत दिसतात, हिंदी वळणाचे आणि मराठी वळणाचे. एका चौकात चार पाट्या आणि दोन ‘ल’. आम्हाला त्याची सवय आहे. पण एकेक आकार घोटून घोटून पक्का करणाऱ्या मुलाला शाळेत एक ‘ल’ शिकवायचा आणि पडद्यावर दुसरा दाखवायचा, हे बरं नव्हे. राज्य सरकारनं ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयानं मराठी वर्णमालेची रूपं ठरवून दिली. पडद्यावरचे बरेचसे फॉन्ट मात्र अजून हिंदी वळणाचेच. काही फॉन्टांत दोन्ही रूपं भरलेली असतात. पानाच्या कोडमध्ये ‘ही मराठी आहे’ एवढी नोंद केली, की मराठी ‘ल’ आपोआप उमटतो. एका ओळीचं काम. बहुतेक मराठी वेबसाइटवर ती ओळ इंग्रजी म्हणते.

संगणकावर मराठी आली ती आधी फॉन्टांच्या जंगलातून. प्रत्येक कंपनीची आपली मांडणी. आत इंग्रजी अक्षरं साठवलेली आणि वर देवनागरीचा मुखवटा. फॉन्ट नसेल तर पानभर कचरा. डोळ्यांनी वाचणाऱ्यांचं त्यातूनही भागलं. पण मजकूर ऐकून वाचणाऱ्यांसाठी त्या पानांवर काहीच नव्हतं, कारण यंत्राला तिथे मराठी दिसतच नव्हती. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण १९८८ मध्ये ठरलं, त्याच्या आधारानं १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरी बसली, आणि विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशींचा ‘मंगल’ फॉन्ट घरोघरी गेला. युनिकोडनं एक गोष्ट अशी केली, की जी लखनौला साधली नव्हती. त्यात ‘कि’ साठवताना आधी ‘क’ आणि मग वेलांटी ठेवतात, उच्चाराच्या क्रमानं. पडद्यावर उमटताना वेलांटी डावीकडे जाते. डोळ्यासाठी परंपरा, कानासाठी उच्चार. म्हणूनच आज फोन आपल्याला मराठी पान वाचून दाखवू शकतो.

पण पान मजकुराचं असेल तरच. इथल्या एका दवाखान्यानं ऑपरेशनपूर्वीच्या सूचना वेबसाइटवर टाकल्या त्या छापील कागदाचा फोटो काढून. मी तिथे मजकुराच्या कामासाठी गेले असताना चाळिशीतला एक ड्रायव्हर आईला घेऊन आला होता. त्याच्या शाळकरी वर्षांत डिस्लेक्सिया हा शब्द त्याच्या गावापर्यंत पोचलेला नव्हता; आठवीत शाळा सुटली. ‘‘वाचता येते मले, ताई,’’ तो म्हणाला, ‘‘पण टाइम लागते. बाकी सारं फोन वाचून दाखोते, हेच काऊन नाही वाचत?’’ त्याच्या प्रश्नाचं तांत्रिक उत्तर एका वाक्याचं आहे. त्याच्या आईनं सकाळी चहा घेतला होता, आणि ऑपरेशन दुसऱ्या दिवशीवर गेलं.

वेब सर्वांना वापरता यावं म्हणून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये आली, दुसरी २००८ मध्ये. जून २०१८ च्या २.१ आवृत्तीत अक्षर आणि ओळींमधल्या अंतराचा निकष आला: ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपट, परिच्छेदांमधलं दुप्पट, अक्षरांमधलं ०.१२ पट, शब्दांमधलं ०.१६ पट इतकं वाचकानं वाढवलं, तरी पान मोडता कामा नये. अक्षरांमधल्या अंतरामागे संशोधनाचा आधार आहे. २०१२ मध्ये इटालियन आणि फ्रेंच डिस्लेक्सिक मुलांवरच्या अभ्यासात नुसती अक्षरं विरळ केल्यावर वाचन सुधारलं होतं.

हेच अंतर देवनागरीला दिलं, की अनेक ब्राउझरांत शिरोरेषा तुटते. रोमन अक्षरं मुळातच सुटी, त्यांना थोडं लांब सरकवलं तर शब्द शब्दच राहतो. आपल्याकडे शब्द म्हणजे एका रेषेखालचं कुटुंब. रेषा तुटली, की प्रत्येक अक्षर वेगळा शब्द असल्यासारखं दिसतं, आणि ज्याला मदत करायची तोच वाचक पुन्हा मोडी वाचायला बसतो, फक्त उलट्या बाजूनं: तिथे शब्द तुटत नव्हते, इथे सगळंच तुटलं. निकषातच अशी सवड आहे, की एखाद्या लिपीत जो गुण वापरात नाही तो तिला लागू करू नये. पण ती तळटीप वाचतो कोण? तपासणीचं सॉफ्टवेअर तर नाहीच.

खास डिस्लेक्सियासाठी काढलेल्या फॉन्टांचंही असंच. स्वतः डिस्लेक्सिक असलेल्या डच आरेखक क्रिस्टियान बूर यांनी २००८ मध्ये ‘डिस्लेक्सी’ काढला, २०११ मध्ये ‘ओपनडिस्लेक्सिक’ आला. तळाला जड अक्षरं, जेणेकरून बी-डी-पी-क्यू यांची उलटापालट होऊ नये. नंतरच्या चाचण्यांत या फॉन्टांमुळे वाचन सुधारल्याचं दिसलं नाही. आपल्या लिपीत आरशातल्यासारख्या जोड्या तशा नाहीतही. आपले चकवे वेगळे: घ-ध, भ-म, थ-य, ष-प, आणि द्ध, द्व, द्य, ह्म यांच्यासारखी एकावर एक रचलेली जोडाक्षरं.

मग मराठी पानाला काय मानवतं? माझ्या कामातला अनुभव असा. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं, कारण आपली अक्षरं वर मात्रा आणि खाली उकार घेऊन चालतात. दाटीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. अक्षरांऐवजी शब्दांमधलं अंतर वाढवावं. आकार मोठा ठेवावा. उजवी कड सरळ करण्याच्या हट्टात शब्दांमध्ये खड्डे पडतात, तो हट्ट सोडावा. तिरकी अक्षरं टाळावीत, ती आपल्या लिपीची नव्हेतच. जोडाक्षर रचण्याऐवजी अर्धं अक्षर दाखवणारा फॉन्ट निवडावा. आणि सर्वांत आधी, ‘शल्यक्रियापूर्व उपवासाबाबत रुग्णांनी दक्षता घ्यावी’ असं न लिहिता ‘ऑपरेशनच्या आदल्या रात्री बारानंतर काही खाऊ नका’ असं लिहावं. अर्धी मदत तिथेच होते, फुकट.

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला. त्या प्रकरणातले अर्जदार ॲसिडहल्ल्यातून वाचलेले आणि दृष्टिहीन होते. त्या निकालाचं बळ अडखळत वाचणाऱ्यांनाही मिळायला हवं.

शिशाच्या खिळ्यांना एक मर्यादा होती: पान एकदा छापलं, की ते सगळ्यांसाठी सारखंच. म्हणून एकच ‘ल’, एकच वेलांटी, एकच तडजोड शोधण्यासाठी टिळकांपासून कालेलकरांपर्यंत सगळे झटले. पडद्यावर ती सक्ती उरलेली नाही. एका वाचकाला मोठी अक्षरं, दुसऱ्याला फिकट पिवळी पार्श्वभूमी, तिसऱ्याला नुसता आवाज, असं एकाच मजकुरातून देता येतं. त्यासाठी पान बनवणाऱ्यानं फार करायचं नाही. मजकूर मजकूरच ठेवायचा, तो मराठी आहे असं नोंदवायचं, आणि वाचकानं आपल्या सोयीनं बदल केला तर पान मोडणार नाही एवढं पाहायचं. बाळबोध हे नाव आपण दोनशे वर्षांपूर्वीच देऊन बसलो आहोत. आता ते खरं करायला एक ओळ कोड आणि थोडं साधं मराठी लागतं.